आयरिश पोथीवरचं गंध

नेपरव्हिल, ९ ऑक्टोबर २००५

ती. आप्पा,

पत्राच्या सुरुवातीला शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा असतो, हे तुम्हीच शिकवलंत. पण आपलं भांडण डोकं टेकवण्यावरूनच झालंय, तेव्हा सध्या नुसता नमस्कार.

फोन केला की संजय उचलतो आणि म्हणतो, "ताई, आप्पा झोपलेत." सांगलीत तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि मागून तुमचं खाकरणं ऐकू येतं. झोपेत इतकं खणखणीत खाकरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्राला काही संजय "झोपलेत" म्हणून परत पाठवू शकणार नाही.

आधीच सांगून टाकते, ही माफी नाही. मी तुमच्यावर ओरडले, हे खरं. पण तुम्ही पाटबंधारे खात्यात जन्म काढलात. धरणाच्या दरवाजाच्या चाकाला कुणा पाहुण्याने भक्तिभावाने हात घातला असता, तर तुम्ही त्याला पेढा दिला असतात का? माझं धरण म्हणजे ती लायब्ररी. शिकागोतल्या त्या इमारतीत जुन्या कागदांना जगवायचं काम मला दिलंय, आणि ते मी चांगलं करते. तिथे आयर्लंडहून आलेली हस्तलिखितं आहेत. खेड्यापाड्यातल्या शाळामास्तरांनी त्यांच्या त्या गोलसर लिपीत उतरवून घेतलेली, आणि पोट भरायला बोटीत बसलेल्या माणसांनी ट्रंकेत घालून आणलेली. तुम्ही त्यांना "आयरिश पोथ्या" म्हणालात. शब्द मला आवडला. आता मीही तोच वापरते.

पण तुम्ही ज्या पोथीवर डोकं टेकवलंत, ती आमची नव्हे. ती मिसेस हॅनराहन यांची. वय ब्याऐंशी, शिकागोच्या दक्षिण भागात एकट्या राहतात. त्यांच्या खापरपणजोबांनी ती लिहिली. आत संतांच्या गोष्टी आहेत, गाणी आहेत, गाय आटली तर काय म्हणायचं तेही आहे. बाईंनी ती आमच्याकडे फक्त ठेवायला दिलीय. लायब्ररीला कायमची द्यायची की पुतण्याला, हे त्या हिवाळा संपता संपता ठरवणार. पुतण्याला ती लिलावात काढायची आहे. डॉ. केलर, म्हणजे आमचे साहेब, तीन वर्षं बाईंकडे चहा पिऊन पिऊन इथवर पोचलेत.

आणि स्टाफच्या घरच्यांना लायब्ररी दाखवायच्या दिवशी तुम्ही दोरी ओलांडलीत, टोपी काढलीत, आणि उघड्या पानावर कपाळ टेकवलंत. सकाळी पूजा करून लावलेलं अष्टगंध, वर सप्टेंबरचा घाम. पानाच्या खालच्या कडेला गोल ठसा उठलाय. शेवटच्या ओळीतलं एक अक्षर त्याखाली गेलंय.

तुम्हाला वाटेल, एवढंसं गंध, पुसून टाक. पुसता येत नाही, आप्पा. आपल्या पोथ्यांची शाई काजळाची. यांची लोखंड आणि मायफळाची. तिला पाणी लागलं की कडेने तपकिरी ओघळ उठतो, आणि तो पुढे कागदच खायला लागतो. म्हणजे पाण्याशिवाय काहीतरी वापरायचं. पण काय वापरायचं हे ठरवण्यासाठी तुमच्या गंधात काय काय आहे ते मला कळायला हवं. डेव्हन अव्हेन्यूवरच्या आपल्या लोकांच्या दुकानातून अष्टगंधाची डबी आणली. त्यात नुसता रंग निघाला, वाटीत रंगपंचमी झाली.

तेव्हा एकच काम. तुमच्या डबीतलं थोडं गंध पाठवा. बोलू नका हवं तर. गंध पाठवा.

तुमची,
मृणालिनी

ता. क. तुमची सहाण इथेच राहिलीय. इतक्या घाईने तिकीट बदलून गेलात की देव्हाऱ्यातून ती उचलायचंही सुचलं नाही.


नेपरव्हिल, २० नोव्हेंबर २००५

ती. आप्पा,

दिवाळी झाली, पहिला बर्फही पडून गेला. तुमचं उत्तर नाही. संजयने मात्र फितुरी केली. म्हणाला, पत्र आप्पांनी दोनदा वाचलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. दोनदा वाचलंत म्हणजे गंधाचं वाचनात आलेलं आहे. तिकडे दुर्लक्ष झालं असं म्हणायची सोय राहिली नाही.

शैलेंद्र म्हणतो, "सोड ना यार, ते आपोआप नॉर्मल होतील." तुमच्या जावयाला सगळं आपोआप होतं असंच वाटतं. घरातला बर्फसुद्धा आपोआप उपसला जातो.

फराळाच्या दिवशी राधिका माझ्यासमोर चकली घेऊन बसली होती. मी तिला सांगत होते की आजोबा विनाकारण रुसलेत, मी ओरडले एवढंच. ती म्हणाली, "मॉम, दॅट्स नॉट व्हाय. यू कॉल्ड हिम सर."

मी म्हटलं, "काहीतरीच काय!"

"यू डिड. यू सेड, सर, स्टेप बॅक. लाइक ही वॉज सम रँडम गाय."

मी चकल्या मोजून डब्यात भरल्या आणि विषय बदलला. पण गाडीत, स्टेशनच्या पार्किंगमध्ये, ट्रेनमध्ये तेच डोक्यात. हो, म्हणाले मी. तिथे परका माणूस काही करायला गेला की आम्ही हेच वाक्य म्हणतो, ते तोंडाला बसलंय. आवाज चढवायचा नाही, हात धरायचा नाही, सर म्हणायचं. नियमाप्रमाणे मी अगदी बरोबर वागले. फक्त समोर तुम्ही होतात.

दुसरंही सांगते, मागच्या पत्रात गाळलं होतं. केलरसाहेब मला त्या दिवशी बाजूला घेऊन म्हणाले, "नोंदीत 'एका पाहुण्याकडून' असं लिही. मिसेस हॅनराहनना तुझे वडील आहेत हे कळायला नको, उगाच तुझ्यावर येईल." चांगल्या मनाने म्हणाले. आणि मी तसं लिहिलं. पोथी हातची गेली तर माझ्या जागेचं काय, हेही त्यांनी आडून सुचवलं. पुढच्या वर्षी दोनांतली एक जागा राहणार आहे.

यावर मी घाबरलेय असं समजू नका. मला माझं काम येतं. बाईंच्या परवानगीने ती पोथी माझी जवळजवळ पुरी साफ करून झाली होती. पानापानावरचा बोटांचा मळ, धुराची काजळी. तुम्ही डोकं टेकवलंत त्या पानाच्या तळाशी तर तेलकट काळपट मोठा डागच होता. तो मी सोमवारी काढायला घेणार होते. शनिवारी तुम्ही त्यावर आपली मोहोर उठवलीत. शिवण सुटलेलं ते पान आता वेगळं काढून ठेवलंय. गंधाचा निकाल लागल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, अशी केलरसाहेबांची ताकीद आहे.

रेणू आठवते ना, शॉमबर्गची, गणपतीत आरतीला आली होती ती? ती डिसेंबरमध्ये माहेरी, सांगलीलाच येतेय. तुमच्या दारात येऊन उभी राहील. तिला झोपलेत म्हणून सांगू नका.

मृणालिनी


नेपरव्हिल, १५ जानेवारी २००६

ती. आप्पा,

पुडकं मिळालं. रेणूने काल संक्रांतीला आणून दिलं. आत तिळगूळ होता. गोड बोलणं मात्र तुम्ही सांगलीलाच ठेवून घेतलंत. चिठ्ठी शोधायला मी पुडक्याचा कागददेखील उलटा करून बघितला. डबीवर तुमच्या अक्षरात एवढंच: "प्रथम चंदन उगाळणे. नंतर अष्टगंध चिमूटभर. पाणी कमी वापरणे." हे पत्र म्हणायचं की खात्याचं परिपत्रक? सोबत चंदनाचं खोडही पाठवलंत. बरं केलंत. सहाण होतीच.

आज रविवार असूनही लायब्ररीत गेले. परिपत्रकाबरहुकूम चंदन उगाळलं. आमच्या त्या स्टीलच्या आणि काचेच्या खोलीत सांगलीच्या घरातली सकाळ भरून राहिली. आई स्वयंपाकघरात, तुम्ही सोवळ्यात, आणि मी पूजेत लुडबुडते म्हणून खालच्या आवाजात तुमचं दटावणं. मला रडू आलं. हस्तलिखितांच्या खोलीत रडायला परवानगी नाही, म्हणून जिन्यात जाऊन रडून आले.

मग अडचण लक्षात आली. बोटाने कागदावर लावलेलं गंध आणि कपाळावरून उतरलेलं गंध सारखं नव्हे. कपाळाचं तेल, घाम, टेकवतानाचा दाब, सगळं हवं. तेव्हा मी ते माझ्याच कपाळाला लावलं, जुन्या कोऱ्या कागदाचं पान टेबलावर मांडलं आणि वाकून नमस्कार केला. ठसा पुसट आला. पुन्हा लावलं, पुन्हा नमस्कार. केलरसाहेब काही कागद न्यायला आले होते, ते दारात उभं राहून बघत होते. काय चाललंय विचारलं. सांगितलं. विज्ञानाचा माणूस, हसले नाहीत. म्हणाले, "तुझे वडील जास्त वाकले होते. अजून खाली."

तर अजून खाली वाकले. आता ठसा हुबेहूब आला. आप्पा, तसं वाकल्यावर कपाळ बरोबर पानाच्या खालच्या कडेलाच येतं. टेबलाशी उभ्या माणसाचं डोकं दुसरीकडे जाऊच शकत नाही.

आणि निकाल असा, की तुमचं गंध निघतं. मऊ जेलची पट्टी ठेवायची, थोडा वेळ द्यायचा, रंग वर ओढला जातो आणि शाईला धक्का लागत नाही. सगळ्या नमुन्यांवर करून पाहिलं. तुमचा तो नमस्कार मी असा काढून टाकू शकते की कुठल्या यंत्रालाही पत्ता लागणार नाही. या गावात हे करू शकेल असं दुसरं माणूस नसेल.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण टेबलावर माझे ते सगळे नमस्कार ओळीने वाळत पडले होते आणि एकेक पुसायला हात उचलत नव्हता.

मृणालिनी


नेपरव्हिल, ५ मार्च २००६

ती. आप्पा,

आज सविस्तर लिहिते. चष्मा पुसून घ्या.

गेल्या आठवड्यात मिसेस हॅनराहन आल्या. पोथी बघून निर्णय सांगते, म्हणाल्या. केलरसाहेबांची इच्छा होती की त्याआधी ते पान साफ करून पोथीत घालावं, म्हणजे प्रश्नच नको. सगळी तयारी होती. मी म्हटलं, बाईंना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही, वस्तू त्यांची आहे. केलरसाहेबांचा चेहरा पडला. पण काम माझं होतं आणि मी हटणार नव्हते. लिमयांची लेक आहे शेवटी.

बाई म्हणजे खमक्या. लहानखुऱ्या, पांढरेशुभ्र केस, गळ्यात क्रॉस, हातात काठी. पान समोर ठेवलं. त्यांनी नारिंगी ठसा बघितला आणि काठी जमिनीवर आपटली.

"हे काय आहे?"

केलर म्हणाले, "दुर्दैवाने एका पाहुण्याकडून..."

"माझे वडील," मी म्हटलं.

केलर माझ्याकडे बघत राहिले. बाईंनी मोर्चा माझ्याकडे वळवला.

"तुझे वडील? काय केलं त्यांनी?"

"डोकं टेकवलं. आमच्याकडे पुस्तकाला कपाळ लावतात. त्यांच्या कपाळावर चंदन होतं."

"त्यांना आयरिश येतं?"

"एक अक्षर नाही."

"मग या पुस्तकाला नमस्कार कशाला?"

"पुस्तक होतं म्हणून."

त्या पानावर वाकल्या. मग विचारलं, "हे काढता येतं?"

"येतं. मी काढू शकते."

"आणि ते?" काठीचं टोक नव्हे, आता बोट पुढे आलं होतं. गंधाच्या खाली जो काळपट तेलकट डाग आहे, तिकडे.

"तेही निघेल," मी म्हटलं. आणि जरा ऐटीतच म्हटलं, खोटं कशाला सांगू. "हाताचा मळ आहे. खरं तर तो तेव्हाच जायचा होता. वडिलांमुळे राहून गेला."

आप्पा, बाई मटकन खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता संपलं. केलरसाहेब पाणी आणायला धावले.

त्या म्हणाल्या, "तो मळ नाही, मुली. आमच्या घरातून जो कोणी बोटीवर जायला निघे, तो दारात या पुस्तकाचं चुंबन घेई. हेच पान. हीच जागा. मागे राहणाऱ्यांनी पुस्तक धरायचं आणि जाणाऱ्याने वाकायचं. माझ्या आजीने सांगितलेलं. तिचे चार भाऊ असे गेले, एकही परत दिसला नाही. शेवटी ती निघाली तेव्हा पुस्तक धरायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून ते सोबतच घेऊन आली."

मग हसल्या. "तिलाही वाचता येत नव्हतं, आणि मलाही येत नाही. एक अक्षर नाही."

सोमवारी, आप्पा. सोमवारी मी ती जागा स्वच्छ करणार होते. सगळ्या परवानग्या घेऊन, नियमाप्रमाणे, सुंदर काम करून. त्या चार भावांचं या जगात जे काही उरलंय ते मी कापसाच्या बोळ्यावर घेऊन कचऱ्यात टाकलं असतं, आणि वार्षिक अहवालात माझं कौतुक छापून आलं असतं. शनिवारी तुम्ही दोरी ओलांडलीत म्हणून ते पान बाजूला निघालं. तुमच्या कपाळाने ती जागा राखली. कोणाला ठाऊक नसताना, तुम्हालाही.

मी हे सगळं बाईंना जसंच्या तसं सांगितलं, सोमवारसकट. त्यांनी बराच वेळ माझा हात हातात धरला. मग नेहमीच्या खमक्या आवाजात केलरना म्हणाल्या, पोथी लायब्ररीला दिली. अट एकच. या पानाला कोणी काही करायचं नाही. ना वरच्या डागाला, ना खालच्या. पुतण्याला काय सांगायचं ते त्या बघून घेतील.

केलरसाहेबांनी मला मिठी मारली. अमेरिकन माणूस, तुम्ही मनावर घेऊ नका.

आता तुमच्याकडे काम आहे. पोथीच्या कायमच्या नोंदीत त्या पानावर काय काय आहे ते लिहावं लागतं. चुंबनांचं लिहिलंय, घराण्याचं नाव घालून. गंधाच्या पुढे मी अजून जागा मोकळी ठेवलीय. 'एक पाहुणा' खोडून टाकलंय. त्या जागी तुमचं नाव लिहायचं आहे, पूर्ण. मला ते माहीत आहे, मुलगीच आहे तुमची. पण तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय मी लिहिणार नाही. तसंही या पोथीच्या बाबतीत परवानगी विचारायची सवय मला लागलीय.

आणि ते "सर" म्हटलं ना, ते माझ्या घशात अडकून बसलंय. सहा महिने झाले, खाली उतरत नाही. ते तेवढं चुकलं. ओरडले ते नाही चुकलं.

तुमची,
मृणाल


नेपरव्हिल, १ एप्रिल २००६

ती. आप्पा,

पाडव्याला फोन वाजला तेव्हा मी गुढीचा तांब्या शोधत होते. शैलेंद्रने उचलला आणि एकदम उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं.

तुम्ही ना कशी आहेस विचारलंत, ना राधिकाची चौकशी केलीत. खाकरलात आणि म्हणालात, "लिहून घे. जगन्नाथ त्र्यंबक लिमये. सांगली." मी घेतलं लिहून. मग पलीकडे नुसता तुमचा श्वास ऐकू येत राहिला. ठेवलात की काय असं वाटलं, तेवढ्यात म्हणालात, "आणि हे बघ मृणाल, नावापुढे सर लावू नकोस."

मी हसायला लागले आणि मग हसूच ते रडण्यात गेलं. तुम्ही "बरं बरं" करून संजयला फोन दिलात. तो म्हणाला, "ताई, आप्पा झोपले." या वेळी माझा विश्वास बसला. सहा महिने जागेच होतात.

काल नोंद पक्की केली. आयरिश पोथीच्या नोंदीत, हॅनराहनांच्या माणसांच्या खाली, तुमचं नाव आहे. पुढे काहीही लावलेलं नाही. मिसेस हॅनराहन विचारताहेत, तो माणूस परत कधी येणार. उन्हाळ्यात या. येताना गंध लावूनच या, त्यांना बघायचं आहे. पण दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, आप्पा. मी तिथेच असेन, आणि नियम तो नियम.

सहाण देव्हाऱ्यात आहे. रोज उगाळते.

आणि सुरुवातीला लिहायचं राहून गेलं होतं ते आता, पार खाली वाकून, पानाच्या अगदी खालच्या कडेला लिहिते:

शिरसाष्टांग नमस्कार.

मृणाल